मांडवीवरच्या कॅसिनोत जाण्यापूर्वी

प्रश्न : मी इचलकरंजीचा, वय 36. एका पतसंस्थेत नोकरी करतो. पत्नी शिक्षिका आहे, आम्हांला एक मुलगी आहे. डिसेंबरमध्ये आम्ही चौघे मावस-चुलतभाऊ गोव्याला निघालो आहोत आणि त्यातली एक रात्र पणजीच्या कॅसिनोत घालवायची असे सर्वांनी ठरवले आहे. मी आजवर कधीही जुगार खेळलेलो नाही, कारण माझ्या वडिलांना मटक्याचा नाद होता. जुन्या आकड्यांनी भरलेल्या त्यांच्या वह्या मला अजून आठवतात. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. पत्नीला हे सर्व माहीत असल्यामुळे कॅसिनोचे नाव काढताच ती गप्प होते. चार-पाच हजारांचा तर प्रश्न आहे, तिला न सांगता जाऊन यावे, असे भाऊ म्हणतात. त्यांच्यापैकी एकाला डाव दुप्पट करत जाण्याची हमखास युक्ती ठाऊक आहे. सर्वांत धाकटा मावसभाऊ 24 वर्षांचा आहे. मोबाइलवरच्या खेळांत पैसे घालवून तो आधीच कर्जात आहे आणि जाण्यासाठी सर्वांत उतावीळही तोच आहे. हे सर्व कायदेशीर आहे का, किती पैसे न्यावेत, आणि मी जावे की न जावे, हे कृपया सांगावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यात पाच दिसले, आणि न विचारलेले दोन, म्हणजे पत्नीचा आणि धाकट्या भावाचा, हेच अधिक महत्त्वाचे वाटले. त्यांच्याकडे येण्याआधी कायद्याचा आणि पैशांचा भाग स्पष्ट करतो, कारण तो नीट समजला तर पुढचे बोलणे सोपे जाईल.

कायद्याच्या दृष्टीने तुम्हांला भीती बाळगण्याचे कारण नाही. गोव्यात 1976 च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात 1992 साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांवरचे खेळही चालवता येऊ लागले. पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून जाताना मांडवीच्या पात्रात नांगरलेली दिव्यांनी लखलखणारी जी जहाजे दिसतात, ती याच तरतुदीखाली परवाना घेऊन चालतात. वयाची 21 वर्षे पूर्ण झालेला, गोव्याबाहेरचा माणूस सरकारी ओळखपत्र दाखवून तेथे जाऊ शकतो. गोव्याच्या रहिवाशांना मात्र 1 फेब्रुवारी 2020 पासून तेथे खेळण्यास बंदी आहे. ज्या राज्याने हा व्यवसाय चालू ठेवला, त्यानेच आपल्या माणसांना त्याच्या दारातून परत पाठवायचे ठरवले, ही गोष्ट तुम्ही जरूर ध्यानात घ्यावी. आपल्या महाराष्ट्रातही कॅसिनोसाठीचा एक कायदा 1976 साली झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच करण्यात आला. त्यामुळे तुमच्या वडिलांचा मटका हा गुन्हा होता आणि मांडवीवरचा रूलेटचा डाव हा परवानाधारक व्यवसाय आहे, हा फरक खरा आहे. परंतु परवान्याने खेळाचे गणित बदलत नाही, आणि तुमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाने प्रथम ते गणितच मांडून पाहावे.

रूलेट म्हणजे फिरत्या चाकात सोडलेला चेंडू कोणत्या आकड्याच्या किंवा रंगाच्या खान्यात पडेल, यावर पैसे लावण्याचा खेळ. त्याच्या चाकावर 1 ते 36 असे आकडे आणि एक शून्य, मिळून 37 खाने असतात. निम्मे आकडे लाल, निम्मे काळे, शून्य हिरवे. समजा, तुम्ही दर फेरीला लाल रंगावर 500 रुपये लावत गेलात आणि 37 फेऱ्यांत प्रत्येक खाना बरोबर एकदा आला. तुम्ही एकूण 18,500 रुपये लावलेले असतील. 18 वेळा जिंकून प्रत्येक वेळी मूळ रकमेसह 1,000 याप्रमाणे 18,000 परत आलेले असतील. म्हणजे 500 रुपये कमी. रंगाऐवजी एकाच आकड्यावर लावत राहिलात तर एकदा जिंकून 36 पट, म्हणजे पुन्हा 18,000 रुपयेच मिळतात. तुम्ही कोठेही लावा, दर शंभरांमागे सुमारे 2 रुपये 70 पैसे घराकडे, म्हणजे कॅसिनोकडे, राहतात, आणि चाकावर दुहेरी शून्य असेल तर हीच वजावट 5 रुपये 26 पैशांवर जाते. हा लबाडीचा भाग नाही. खेळ प्रामाणिकपणे चालला तरीही हेच घडते, कारण देण्याचा दर मुळातच खऱ्या शक्यतेपेक्षा थोडा कमी ठेवलेला असतो. अंदर-बाहरसारख्या आपल्या ओळखीच्या पत्त्यांच्या खेळातही (मधल्या पानाच्या जोडीचे पान दोनपैकी कोणत्या बाजूला निघेल यावर पैसे लावतात) पहिले पान ज्या बाजूला पडते, त्या बाजूची शक्यता किंचित जास्त, म्हणजे साधारण साडेएक्कावन्न टक्के असते, म्हणून त्या बाजूला जिंकल्यावर सामान्यतः शंभरांऐवजी नव्वदच दिले जातात आणि घराचा वाटा निघून येतो. यंत्रांवरच्या खेळांत तर हे प्रमाण खेळणाऱ्याला दिसतही नाही, म्हणून नवख्या माणसाने त्या यंत्रांसमोर बसूच नये असे माझे मत आहे.

आता हेच गणित मटक्याशी ताडून पाहा. मटक्यात एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि तो लागला तर नव्वद मिळत; आकडे दहा असल्यामुळे शंभरांमागे दहा रुपये बुकीकडे राहत. या हिशेबाने कॅसिनो पुष्कळच सौम्य वाटतो, आणि तुमचे भाऊ उद्या हा मुद्दा नक्की मांडतील. परंतु मटक्याचा निकाल ओपन आणि क्लोज असा ठरल्या वेळी येत असे, मध्ये कितीतरी तास जात, आणि कॅसिनोतले चाक तासाला चाळीसएक वेळा सहज फिरते. पाच तासांत दोनशे फेऱ्या, प्रत्येकी 500 रुपये, म्हणजे खिशात दहा हजारच असले तरी जिंकलेले पुन्हा लावत एक लाखाची उलाढाल होते आणि तिच्यावर सरासरी 2,700 रुपयांची, दुहेरी शून्य असल्यास 5,260 रुपयांच्या आसपास वजावट बसते. प्रत्यक्षात कोणी त्या रात्री वीस हजार जिंकेल, कोणी अकरा वाजताच रिकामा होईल. सरासरी ही एका माणसाच्या एका रात्रीचे भविष्य सांगत नाही. पण दर कमी आणि वेग भरपूर, या मार्गाने घराचा वाटा निघतो, हे तुम्ही चौघांनीही लक्षात ठेवावे.

तुमच्या भावाची दुप्पट करण्याची युक्ती फार जुनी आहे. हरलो की रक्कम दुप्पट करायची, जेव्हा जिंकू तेव्हा आधीचे सर्व भरून निघून पहिल्या डावाइतका नफा होईल, असा तो विचार. 500 पासून सुरुवात केली तर 1,000, 2,000, 4,000, 8,000, 16,000 आणि 32,000 असे सात डाव होतात, आणि सातही हरल्यास एकूण 63,500 रुपये गेलेले असतात, तेही केवळ 500 रुपये जिंकण्यासाठी. एक शून्य असलेल्या चाकावर सलग सात वेळा हरण्याची शक्यता शंभर मालिकांत साधारण एकदा येते, आणि एका रात्रीत अशा कितीतरी मालिका सुरू होतात. शिवाय प्रत्येक टेबलावर एका डावाची कमाल मर्यादा लिहिलेली असते, म्हणून कोणाजवळ कितीही पैसे असले तरी दुप्पट करण्याची वाट मध्येच बंद होते. ही युक्ती बहुतेक वेळा थोडेसे जिंकून देते आणि एकदाच सर्व घेऊन जाते. म्हणूनच ती सांगणाऱ्याला मनापासून खरी वाटते. तुमचा भाऊ तुम्हांला फसवतो आहे असे मी म्हणत नाही. त्याने अजून तो सातवा डाव पाहिलेला नसावा.

रूलेटच्या टेबलाशेजारी एक फलक असतो आणि त्यावर आधीच्या फेऱ्यांत आलेले आकडे क्रमाने दिसत राहतात. लोक तो पाहून डाव लावतात: बराच वेळ लाल आले, आता काळे यायलाच हवे. 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग 26 वेळा काळ्या खान्यात पडला आणि आता तरी लाल येईल म्हणून दर फेरीला वाढत्या रकमा लावणारे लोक त्या रात्री धुऊन निघाले. चेंडूला मागच्या फेरीची आठवण नसते. तुमच्या वडिलांच्या वह्यांमध्ये जे होते तेच या फलकावर असते, आणि मला खरी काळजी येथेच वाटते. ज्या मुलाने लहानपणी आकड्यांच्या ओळींवर वाकलेला बाप पाहिला, त्या मुलाला तो फलक केवळ करमणुकीचा वाटेल की नाही, हे तुम्हांलाही तेथे उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. जुगाराचे व्यसन असलेल्या घरांत पुढच्या पिढीला धोका अधिक असतो, असे या विषयाच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्याचा अर्थ तुम्ही वडिलांसारखे व्हाल असा मुळीच नाही. इतकी वर्षे तुम्ही दूर राहिलात, हे तुमचे स्वतःचे कर्तृत्व आहे. पण इतर तिघा भावांना जी मोकळीक चालेल ती तुम्हांला चालेलच असे धरून चालू नये, एवढा त्याचा अर्थ नक्की आहे. पहिल्याच रात्री मोठी रक्कम जिंकणे हे तुमच्या बाबतीत हरण्यापेक्षाही जास्त जोखमीचे ठरू शकते.

कराविषयी थोडक्यात सांगतो. कॅसिनोवरचा वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला आहे आणि तो चिप्स, म्हणजे खेळताना पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेतेवेळी दिलेल्या पूर्ण रकमेवर आहे. न खेळता चिप्स परत केल्या तरी तो कर कमी होत नाही. तो वेगळा दाखवला जातो की प्रवेशाच्या पॅकेजच्या रकमेत धरलेला असतो, आणि तुम्ही दिलेल्या पैशांपैकी प्रत्यक्ष खेळण्याच्या चिप्स किती हातात येणार, हे पैसे मोजण्याआधी काउंटरवर विचारून घ्यावे. जिंकलेल्या रकमेवर आयकर सरळ 30 टक्के आणि वर उपकर लागतो. त्यातून हरलेली रक्कम किंवा प्रवासखर्च वजा करता येत नाही, आणि ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवणे ही तुमची जबाबदारी असते. पतसंस्थेत काम करणाऱ्या माणसाने तर यात कसूर करूच नये.

आता पत्नीविषयी. भाऊ म्हणतात तसा हा चार-पाच हजारांचा प्रश्न असता, तर तिने तुम्हांला चार-पाच हजारांबद्दल काहीतरी विचारले असते. ती गप्प होते. तुमच्या आईच्या पाटल्यांची गोष्ट तिने लग्नानंतर त्याच घरात, कदाचित तुमच्या आईच्याच तोंडून ऐकली असेल, आणि त्या गोष्टीतला सर्वांत वाईट भाग पैसे जाण्याचा नसून घरात कोणाला काही न सांगता पैसे जाण्याचा होता, हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. मटक्याच्या नादाने जी घरे बसली, त्यांत पहिली रक्कम नेहमी लहानच होती आणि पहिले खोटेही लहानच होते. तुम्ही तिला न सांगता गेलात आणि पाच हजार हरून आलात, तर ते पाच हजार घरखर्चात कोठेतरी लपवावे लागतील; जिंकून आलात तर आनंदही लपवावा लागेल. दोन्ही बाजूंनी तुम्ही तुमच्या वडिलांच्या जागी जाऊन बसाल, आणि त्यासाठी जुगारी होण्याचीही गरज पडणार नाही. म्हणून माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: तिला न सांगता जाऊ नये.

तिला सांगताना परवानगी मागितल्यासारखे किंवा निर्णय कळवल्यासारखे बोलू नका. मुलगी झोपल्यावर शांतपणे बसून, भाऊ काय म्हणतात, तुम्हांला स्वतःला काय वाटते, कुतूहल किती आणि भीती किती, हे जसे आहे तसे सांगा. वडिलांच्या वह्यांविषयी तुम्ही मला लिहिलेत. तिच्याशी तुम्ही कधी इतके बोलला आहात का, हे मला पत्रावरून समजत नाही. ती सर्व ऐकूनही नको म्हणाली, तर त्या रात्री जाऊ नका. भाऊ जहाजावर असताना पणजीत तुम्हांला करण्यासारखे पुष्कळ आहे. फोंतैन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून फिरावे, बांदोडकर मार्गाने जुन्या सचिवालयापासून, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यापासून, कला अकादमीपर्यंत नदीकाठाने चालत जावे. ती जहाजे मांडवीतून हलवावीत म्हणून अनेक पणजीकर वर्षानुवर्षे आवाज उठवत आले आहेत आणि सरकारांनी जहाजांना नदीत राहण्याची मुदत वेळोवेळी वाढवून दिली आहे. काठावरून पाहिले तर पणजीकरांचे म्हणणे काय आहे हेही तुम्हांला उमगेल.

ती हो म्हणाली, तर पुढील काळजी घेऊन जावे. प्रवेशासाठी जे पॅकेज घ्यावे लागते त्यात सहसा जेवण, पेये, गाण्या-नाचाचे कार्यक्रम आणि काही चिप्स येतात. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरच्या अखेरीस दर चढे असतात, म्हणून शक्य असेल तर मधला वार निवडा. या चिप्सपैकी काही एकदाच लावता येतात आणि त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. जिंकल्यास मिळणाऱ्या चिप्स मात्र रोख करता येतात. तुमच्याकरिता मी मर्यादा अशी सुचवतो की पॅकेजमधल्या चिप्स खेळाव्यात आणि त्या संपल्या की खेळ संपला असे समजावे. वेगळे पैसे न्यायचेच झाले, तर ती रक्कम दोघांनी मिळून घरी ठरवावी आणि जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटासारखी ती निघतानाच खर्ची टाकावी. कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोयही त्या रात्रीपुरती बंद करता आली तर करा. हरलेले भरून काढण्यासाठी भावाकडून उसने घेणे किंवा भावाला देणे, या दोन्हींना चौघांनी आधीच नकार ठरवून ठेवावा. तेथे गेल्यावर तसा नकार देणे फार जड जाते.

पोशाख नीटनेटका असावा, अर्धी चड्डी आणि चपला घालून गेल्यास अडवले जाण्याची शक्यता असते. टेबलाजवळ छायाचित्रे काढू नयेत. बसण्याआधी प्रत्येक टेबलावरची किमान रक्कम वाचावी आणि चाकावर शून्य एक आहे की दोन, तेही पाहावे. पेये पॅकेजमध्ये असतात म्हणून ती पीत राहण्याची चूक करू नका. दोन पेल्यांनंतर 63,500 ही रक्कम मोठी वाटेनाशी होते. आत घड्याळ नजरेस पडत नाही, म्हणून स्वतःच्या मोबाइलवर निघण्याच्या वेळेचा गजर लावावा. धक्क्यावरून जहाजाकडे नेणाऱ्या लहान बोटी ये-जा करत असतात, तेव्हा इतर कोणी थांबले तरी तुम्ही एकटे परत येऊ शकता. परतीच्या गाडीची व्यवस्था आधी करून ठेवा आणि मद्य घेतलेल्या भावाच्या हाती गाडी देऊ नका.

शेवटी धाकट्या मावसभावाविषयी, आणि या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. त्याला कॅसिनोत नेऊ नये. जो हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळतो, त्यासाठी कर्ज काढतो आणि तरीही सर्वांत उतावीळ असतो, त्याची अवस्था हौसेच्या पलीकडे गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा हा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार होतात. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने 2025 मध्ये कायदा केला आहे, पण एक वाट बंद झाली की असा मुलगा दुसरी शोधतो, आणि तुम्ही तिघे मिळून त्याला ती दाखवणार आहात. त्याच्याशी तुम्हीच बोला, कारण अशा घरात वाढलेला, त्याला न लाजवता त्याची बाजू समजू शकणारा भाऊ दुसरा कोणी नाही. कर्ज एकूण किती, कोणाकोणाचे, व्याज किती, हे त्याच्यासोबत बसून कागदावर मांडा. तुमच्या नोकरीतला अनुभव येथे कामी येईल. त्याचे कर्ज एकरकमी फेडून टाकू नका, हप्ते ठरवून द्या आणि पैसे त्याच्या हातात न देता परस्पर भरा. मावशी-काकांना सांगण्याची वेळ आली तर त्याला सोबत घेऊन सांगा. टेली मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. पहिला फोन तो एकटा करणार नाही, तेव्हा त्याच्या शेजारी बसून तो तुम्ही लावून द्या. हे सर्व डिसेंबरच्या आधी करा, आणि तो गोव्याला आलाच तर त्या रात्री तुम्ही दोघे जहाजावर न जाता पणजीतच एकत्र जेवा.